नाडीवरचे बोट उचलू नये

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये स्टेडियमच्या आसपास दवाखान्यांच्या पाट्यांची दाटी आहे. आत गेले की दंडाला पट्टा गुंडाळला जातो, बोटाला चिमटा लागतो, पडद्यावर आकडे उमटतात. मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर स्तब्ध बसणारा डॉक्टर मात्र, तेथे काय किंवा अन्यत्र काय, दुर्मीळ होत चालला आहे. ही हानी किरकोळ नव्हे.

पडद्यावरचा ७८ हा आकडा नाडीचा वेग सांगतो; ठोक्यांमधील अंतर सारखे आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. ठोके कोणत्याही क्रमाविना पडत असतील तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्यावी लागते. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता थरथरत राहतात, तेथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. छातीवर ११० मोजले तर मनगटावर ९०. अशा वेळी पट्ट्याच्या यंत्रावरील रक्तदाबही फसवा असू शकतो.

हे काम आता मनगटी घड्याळ करील, असे म्हटले जाते. अमेरिकेत ४,१९,२९७ जणांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपलच्या पाहणीत अवघ्या ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. अभ्यास मोलाचाच, पण त्यात आयफोनधारकच होते. भारतात या विकाराचा मोठा वाटा बालपणीच्या रूमॅटिक तापाने झडप खराब झालेल्यांचा आहे. अशाच रुग्णांवर भारतासह अनेक देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत (२०२२) सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते आणि सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी नव्या रिव्हरोक्सॅबानपेक्षा वॉरफेरिनसारखी जुनी, स्वस्त औषधेच सरस ठरली. म्हणजे औषध आवाक्यात आहे. अडते ते निदानापाशी. या स्त्रियांपैकी कितींच्या मनगटावर असले घड्याळ असेल?

अर्थात नाडी म्हणजे निदान नव्हे. श्वासाबरोबर तरुणांची नाडी थोडी मागेपुढे होतेच, अधूनमधून चुकणारा ठोकाही बहुधा निरुपद्रवी असतो. (मनगट धरून काल काय खाल्ले ते सांगणाऱ्यांची गोष्ट निराळी.) शंका आली की ईसीजी काढावाच लागतो. पण शंका येण्यासाठी आधी कोणीतरी हात हातात घ्यायला हवा. विशेषतः गर्भवतींच्या तपासणीत, जेथे झडपेचा छुपा आजार प्रथमच डोके वर काढतो, पूर्ण ६० सेकंद नाडी मोजण्याची सक्ती असावी.