देवमाशांच्या घराचा पत्ता

मराठी वृत्तपत्रांत देवमासा दोनच निमित्तांनी येतो. एक तर तो मृत किंवा मरणासन्न अवस्थेत किनाऱ्याला लागतो तेव्हा. आणि दुसरे, ‘देवमाशाची उलटी’ विकू पाहणारी एखादी टोळी पोलिसांच्या हाती लागते तेव्हा. (ती उलटी नव्हेच. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा तो पदार्थ आहे. पण कोटींच्या आकड्यांपुढे हे कोण लक्षात ठेवतो?) जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ४२ फुटी निळा देवमासा आला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूत एक प्रचंड कलेवर सापडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू उथळ पाण्यात अडकले आणि ते खोल पाण्यात नेण्यासाठी शासकीय यंत्रणा व ग्रामस्थ यांनी अहोरात्र केलेली धडपड साऱ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिली. अशा प्रसंगी माणसाच्या मनातील करुणा जागी होते, हे चांगलेच आहे. परंतु दोन दिवसांनी गर्दी पांगते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. हे जीव आले कोठून? निघाले होते कोठे? त्यांचे घर कोठे आहे?

वाघाबाबत हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच ही नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात जाणारी वाघाची वाट कोठून जाते, यावर न्यायालयांत वाद होतात, महामार्गांखाली भुयारे बांधली जातात. समुद्र मात्र आपल्या नकाशावर अजूनही एक कोरा निळा पट्टा आहे. त्यात बंदरे दाखवलेली असतात, जहाजांचे मार्ग असतात, तेलविहिरी असतात. त्या पाण्यात राहणाऱ्यांचा पत्ता मात्र नसतो.

हा कोरा पट्टा भरण्याचा एक गंभीर प्रयत्न गेल्या दशकभरात सुरू झाला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे ‘आययूसीएन’ने २०१३ साली समुद्री सस्तन प्राण्यांसाठी एक कृतिदल नेमले. देवमासे, डॉल्फिन, सील, समुद्रगायी यांच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली सागरी क्षेत्रे पुराव्यानिशी निश्चित करणे हे त्याचे काम. एखादी जात संकटात आहे का, एखादा छोटा समूह तेथेच कायम वस्ती करून आहे का, पिल्ले तेथे जन्मतात का, अन्न तेथे मिळते का, ये-जा करण्याची वाट तेथून जाते का, अशा कसोट्या लावून स्वतंत्र तज्ज्ञ प्रत्येक प्रस्ताव तपासतात. आज जगभरात अशी अडीचशेहून अधिक क्षेत्रे निश्चित झाली आहेत. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे अभयारण्य नव्हे. अशा नोंदीमुळे कोणतीही बंदी लागू होत नाही, कोणाचे जाळे जप्त होत नाही. ती नोंद फक्त एवढेच सांगते की येथे कोणीतरी राहते. पुढे काय करायचे, ते त्या त्या राष्ट्राने ठरवायचे असते.

मार्च २०१९ मध्ये ओमानमधील सलालाह येथे पश्चिम हिंदी महासागर आणि अरबी समुद्र यांच्यासाठी या तज्ज्ञांची बैठक भरली. अरबी समुद्राची निकड मोठी होती, कारण या समुद्रात जगात अन्यत्र कोठेही नसलेला एक समूह राहतो. हंपबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असल्यासारखा दिसणारा देवमासा, हा जगभर प्रवासी म्हणून प्रसिद्ध आहे. ध्रुवाकडील थंड पाण्यात चरायचे आणि विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यात पिल्लांना जन्म द्यायचा, हा त्याचा वार्षिक क्रम. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र हा समुद्र सोडून जातच नाही. त्याला तशी गरजच पडत नाही, आणि याचे कारण आहे आपला मोसमी पाऊस! जे नैऋत्य वारे आपल्याकडे पाऊस घेऊन येतात, तेच ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात. त्याच्या जागी तळाचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि माशांची रेलचेल होते. ज्या वाऱ्यांवर आपल्या शेतकऱ्याची पेरणी अवलंबून, त्याच वाऱ्यांवर या देवमाशाचा संसार अवलंबून आहे. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७० हजार वर्षांपासून इतर हंपबॅकांपासून वेगळा पडला आहे. आणि ओमानच्या पाण्यातील छायाचित्रांवरून बांधलेला त्याच्या संख्येचा अंदाज शंभराच्याही आत, ८२ च्या आसपास आहे.

तो इतका कमी का, याची कथा विदारक आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियाची शिकारी जहाजे आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून अरबी समुद्रात शिरली. ओमान, पाकिस्तान आणि भारत यांच्या किनाऱ्यांलगत त्यांनी २४२ हंपबॅक मारले. त्यांतील बहुतेक १९६६ च्या एकाच नोव्हेंबर महिन्यात. जगाला याचा पत्ता लागला तो सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९० च्या दशकात, जेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी दडवलेली आकडेवारी प्रसिद्ध केली. दैवदुर्विलास असा की, हा समूह येथलाच आहे, याचा पहिला भक्कम पुरावा या कत्तलीच्या नोंदींतूनच मिळाला. मारलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांची मोजमापे रशियनांनी लिहून ठेवली होती. त्यांवरून या माद्यांचे ऋतुचक्र उत्तर गोलार्धाचे आहे, त्या दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्या नाहीत, हे सिद्ध झाले. आपल्या अंगणात हे घडत असताना आपल्याला त्याची कुणकुणही नव्हती. ज्याच्या घराचा पत्ताच नोंदलेला नाही, तो नाहीसा झाला तरी तक्रार कोण करणार?

‘लुबान’ या मादीची हकीकत त्या मानाने सुखद आहे. तिच्या शेपटीवरची खूण धूपाच्या झाडासारखी दिसते, म्हणून ओमानी संशोधकांनी तिला धूपाचे हे अरबी नाव दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मसिराच्या आखातात तिच्या अंगावर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवण्यात आले. काही आठवड्यांत तिने अवघा अरबी समुद्र ओलांडला, भारताच्या पश्चिम किनाऱ्याने ती थेट दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी पुन्हा ओमानला परतली. ओमानचा देवमासा आणि भारताचा देवमासा वेगळे नाहीत, हे एका मादीने एका हिवाळ्यात दाखवून दिले. आता तिच्या वाटेचा अर्धा भाग ओमानने जपला आणि उरलेल्या अर्ध्यात आपण जाळी व जहाजे यांचा विचारच केला नाही, तर त्या जपण्याला काय अर्थ उरतो?

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष बाब अशी की या नकाशावर आपलेही एक क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग ते कारवार! मालवण, वेंगुर्ला, गोवा आणि कारवारचा हा पट्टा प्रामुख्याने दोन जातींसाठी निवडला गेला. पहिली हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. पर्यटकांना होडीतून दाखवतात ती बहुधा हीच. जागतिक यादीत ती ‘संकटग्रस्त’ आहे आणि उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यापलीकडे ती सहसा जात नाही. दुसरी जात पाठीवर पर नसलेल्या छोट्या पोरपॉइजची. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी तिचे मराठी नाव ‘भुलगा’ असे नोंदवून ठेवले आहे. आज किती मराठी माणसांना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे! शिवाय याच सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोरच्या पाण्यात २०१५ साली निळे देवमासे दिसले. ते पाहणारे आणि त्याची नोंद करणारे संशोधक येथेच काम करणारे होते, हे महत्त्वाचे.

अशा आंतरराष्ट्रीय याद्यांविषयी आपल्याकडे एक शंका नेहमी घेतली जाते. प्रगत राष्ट्रांनी शतकानुशतके देवमासे मारले, त्यांच्या चरबीवर आपले दिवे पेटवले, आणि आता आमच्या कोळ्याला शहाणपण शिकवायचे? ही शंका सर्वस्वी निराधार नाही. अमेरिकेने २०१६ साली नियम केला की ज्या देशांच्या मासेमारीत समुद्री सस्तन प्राणी मरतात, त्यांनी अमेरिकेच्या तोडीची उपाययोजना दाखवावी, अन्यथा त्यांची मासळी आमच्याकडे येणार नाही. त्यानंतर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने आणि भारतीय मत्स्य सर्वेक्षणाने देवमासे व डॉल्फिन यांच्या गणनेचे काम नव्या जोमाने हाती घेतले. काम उत्तमच आहे. ‘सागर संपदा’ या संशोधन नौकेवरून २००३ ते २००७ या काळात असे सर्वेक्षण झालेही होते. परंतु आपल्या पाण्यातील जीवांची मोजदाद नेटाने व्हावी, यासाठी कोळंबीच्या परदेशी ग्राहकाची अट का लागावी? शंकेवरचा उतारा याद्या फेकून देणे हा नव्हे, तर आपली यादी त्यांच्यापेक्षा अधिक अचूक करणे हा आहे. गंगेच्या बाबतीत आपण ते केले. २००९ साली डॉल्फिनला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, २०२० च्या स्वातंत्र्यदिनी ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ जाहीर झाला आणि २०२५ मध्ये नद्यांतील ६,३२७ डॉल्फिनांची गणना देशापुढे आली. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत गंगेतील हा जीव आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ही दृष्टी आपल्याला उसनी आणावी लागत नाही.

नुसती जागा ओळखून काय साधते, असे विचारणाऱ्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. तिच्या दक्षिण टोकाजवळून जगातील सर्वाधिक वर्दळीचा एक जहाजमार्ग जातो आणि नेमक्या त्याच पाण्यात निळे देवमासे चरतात. धडक बसून ते मरत. संशोधकांनी देवमासे कोठे असतात आणि जहाजे कोठून जातात, हे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले. तेव्हा दिसले की मार्ग अवघा १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धोका ९५ टक्क्यांनी घटतो. २०२२ साली जगातील एका सर्वांत मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे स्वेच्छेने दूरच्या मार्गाने नेण्यास आरंभ केला. व्यापार थांबला नाही. बंदर बंद पडले नाही.

आपल्याकडे आज वाढवणसारखे महाबंदर उभे राहत आहे, कोकणात जेट्टी आणि जलमार्ग होत आहेत. सागरी सामर्थ्यावाचून राष्ट्राला गती नाही, हे शिवछत्रपतींच्या भूमीला कोणी सांगावे? पण त्याच परंपरेतील ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना रामचंद्रपंत अमात्य आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, असे बजावतात; कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. आरमार हवे होतेच, तरी कोणते झाड तोडायचे आणि कोणते नाही याचा विवेक सुटला नव्हता. डॉल्फिनची मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांत काही वर्षांचे अंतर असते. तेथेही हाच हिशेब लागू पडतो.

कायद्यातील उणीव मात्र ठळक आहे. वन्यजीव कायद्याने देवमासे आणि डॉल्फिन यांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण ते जिवाला आहे, जागेला नाही. २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेत अतिसंवेदनशील क्षेत्रांची यादी आहे. तीत कांदळवने आहेत, प्रवाळ आहेत, कासवांच्या विणीच्या जागा आहेत, घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या खेकड्याचे अधिवासही आहेत. डॉल्फिनचा अधिवास नाही. वास्तविक ही अधिसूचना समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत लागू होते आणि हंपबॅक डॉल्फिनचे सारे आयुष्य त्या मर्यादेच्या आतच जाते. त्या यादीत एका ओळीची भर घालणे केंद्र सरकारला अवघड नाही.

राज्य सरकारला तर त्याआधीच एक काम करता येईल, आणि त्याची सामग्री त्याच्या कपाटातच आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना चालू आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला कमाल २५ हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी तो छायाचित्रे काढतो आणि पुराव्यासह अर्ज करतो. वर्षभर समुद्रात वावरणाऱ्या माणसाने स्वतःचे जाळे फाडून दिलेली ती साक्ष आहे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे हे अर्ज आज भरपाईच्या नस्तींत पडून असतील. कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने ते एकत्र करून, कोणता जीव, कोणत्या दिवशी, किनाऱ्यापासून किती दूर अडकला एवढेच नकाशावर मांडावे, आणि बंदर किंवा जलमार्गाच्या प्रत्येक नव्या प्रस्तावाला तो नकाशा जोडणे बंधनकारक करावे. सिंधुदुर्ग ते कारवार हा पट्टा तज्ज्ञांनी आखून दिला आहे. रत्नागिरी, रायगड आणि पालघरसमोरचे पाणी अजून कोरेच आहे.