‘दुर्मीळ’ म्हणजे नेमके काय?

बिनपायांचा सरडा आढळला की राष्ट्रीय वृत्तांत तो ‘विचित्र’ आणि ‘दुर्मीळ’ ठरतो. ही विशेषणे प्राण्याविषयी कमी आणि पाहणाऱ्याविषयी अधिक सांगतात.

पाय नाहीसे होणे हे वैगुण्य नव्हे. सरड्यांच्या निरनिराळ्या कुळांत ते वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडले आहे. भुसभुशीत मातीतून सरकताना पाय अडसर ठरतात. लांबट, गुळगुळीत देहाला कमी विरोध होतो. चिल्का सरोवरातील बेटावर आढळलेला, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनान्डेल यांनी १९१७ मध्ये वर्णिलेला ‘बार्कुडिया इन्सुलारिस’ असाच मातीत जगतो. तो क्वचितच दिसतो. परंतु भूमिगत प्राण्याचे न दिसणे हा त्याच्या संख्येचा पुरावा होऊ शकत नाही. त्यासाठी माती चाळावी लागते.

भिलाईच्या विद्यार्थ्याला याकरिता चिल्का गाठण्याचेही कारण नाही. मध्य भारतातील पालापाचोळ्यात वावरणाऱ्या सापसुरळीचे पाय इतके इवले असतात, की घाईत ती सापच भासते. तिला विष नाही. तरीही ‘विषारी’ म्हणून ती ठेचली जाते. तिच्या पापण्या हलतात, सापाच्या हलत नाहीत. एवढे पाहण्याइतकाही धीर धरला जात नाही.

जिथे झाडलेली पाने पेटवली जातात, तिथे तिचे घर आणि तिचे भक्ष्य असलेले कीटक एकदमच जळतात. ‘दुर्मीळ’ हा शब्द छापणाऱ्यांनी त्या राखेचीही बातमी द्यावी. अन्यथा आज सामान्य असलेला जीव उद्या त्याच मथळ्याला पात्र ठरेल.