औषध मानवलं पाहिजे

आपल्याकडे ‘औषध मानवलं’ असं म्हणतात. औषध चांगलं की वाईट एवढ्यावर आपण थांबत नाही, ते या माणसाला मानवलं का, असं विचारतो. कॅन्सरच्या नव्या औषधांबद्दल हल्ली जे बोलणं कानावर पडतं, त्यात हा साधा प्रश्न हरवला आहे असं मला वाटतं. ‘नवी गोळी आलीय म्हणे, मिळेल का?’ इथे सुरुवात आणि ‘किती लाख लागतील?’ इथे शेवट.

प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरचंच घ्या. आम्हा सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत हा रोग काही दुर्मीळ नाही. पुरुषी हार्मोन तोडलं की तो मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं आणि १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. उपचाराचा पाया आजही तोच. पण पुढे बहुतेकांचा रोग या उपचाराला दाद देईनासा होतो. अशांपैकी काहींसाठी ओलापारिब नावाची गोळी मे २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

यातला ‘काहींसाठी’ हा शब्द नीट वाचायला हवा. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, तेव्हा मला उमगलं तसं सांगतो. पेशीतला डीएनए सतत कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी तो दुरुस्त करते. गावाला दोन रस्ते असावेत तसे या दुरुस्तीचे वेगवेगळे मार्ग असतात. बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड असेल, तर गाठीतल्या पेशींचा एक रस्ता आधीच खचलेला असतो. ही गोळी दुसरा अडवते. गावाचा संपर्क तुटतो, पेशी मरते. ज्याचा पहिला रस्ता शाबूत आहे, त्याला नुसत्या या गोळीचा फारसा उपयोग नाही.

ज्या मोठ्या अभ्यासावरून ही मंजुरी मिळाली, त्यात २७९२ पुरुषांच्या गाठीच्या नमुन्याचा निकाल हाती आला. त्यांपैकी ७७८ जणांत, म्हणजे शंभरात अठ्ठावीस जणांत, दुरुस्तीच्या जनुकांत बिघाड निघाला. अमेरिकेने अशा जनुकांची लांबलचक यादी मान्य केली, तर युरोपने फक्त बीआरसीए १ आणि २. म्हणजे ‘बिघाड सापडला’ एवढ्यानेही भागत नाही, कोणत्या जनुकात सापडला हे विचारावं लागतं. बीआरसीए किंवा एटीएम या जनुकांत बिघाड असलेल्या गटात गोळी घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १९.१ महिने भरलं, दुसरी हार्मोनची गोळी घेणाऱ्यांचं १४.७. मध्यक म्हणजे रांगेत मधोमध उभा असलेला मुलगा. काही त्याच्या पुढे, काही मागे. आणि जवळजवळ निम्म्या लोकांना रक्तक्षय झाला. थकवा आणि मळमळ वेगळीच.

आता सांगा, या चार-साडेचार महिन्यांची किंमत कोण ठरवणार?

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी हे सगळं मुलगा आणि जावई मिळून ठरवत होते. मला बाजूला घेऊन मुलगा म्हणाला, “सर, बाबांना यातलं काही बोलू नका हं. धीर सोडतील.” त्यामागचं प्रेम मला दिसत होतं. पण ज्या माणसाने तीस वर्षं दहावीच्या मुलांना निकाल हातात घेण्याचा धीर दिला, त्याला त्याचाच निकाल पेलणार नाही, हे आपण का धरून चालावं? मी मुलाला तसं स्पष्ट म्हटलं. पुढे डॉक्टरांनीच सगळं समोर मांडलं. मास्तरांनी दोनच गोष्टी विचारल्या. “पारापर्यंत चालत जाता येईल का? आणि रक्त चढवायला वरचेवर शहरात जावं लागलं, तर मला थांबता येईल ना?” दोन्हींची उत्तरं ऐकून त्यांनी गोळी सुरू केली. त्यांनी नको म्हटलं असतं, तरी तो निर्णय तितकाच योग्य असता.

लपवाछपवीत आणखी एक गोष्ट बुडते. बीआरसीएचा बिघाड कधी फक्त गाठीत असतो, कधी जन्मतःच रक्तात. तो जन्मजात असेल, तर प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी. मुलीला त्यातून स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ‘लग्न होऊन गेलेली, तिला कशाला त्रास?’ असं म्हणून आपण बापाचा आजार लेकीपासून झाकतो आणि वेळेवर तपासणी करून घेण्याची तिची संधीच हिरावतो. मास्तरांच्या रक्तात तो बिघाड निघाला. लेकीला त्यांनी स्वतः फोन केला. इतरांच्या तोंडून तिला ते कळावं हे त्यांना पसंत नव्हतं.

तेव्हा मंडळी, अशी वेळ कुणाच्या घरी आलीच, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गाठीची आणि रक्ताची, दोन्ही जनुक-तपासण्या झाल्या का? बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे? बिघाड कोणत्या जनुकात आहे? गोळीने काय साधेल, काय सोसावं लागेल, आणि कधी थांबायचं? ‘हे औषध तुमच्यासाठी नाही’ असं उत्तर आलं तर खचू नका. निरुपयोगी गोळीपासून वाचणं हीसुद्धा कमाईच आहे.

औषध गाठीला मानवेल का, हे प्रयोगशाळा सांगेल. माणसाला मानवेल का, हे तो माणूसच सांगू शकतो. त्याला खोलीबाहेर बसवून ते कसं कळणार?