कॅमेरा बदलण्याचा हिशेब

पेढीवरील काटा अचूक तोलतो तोवर तो बदलण्याचा विचार कोणी व्यापारी करीत नाही. घरातील मुलाने छायाचित्रणाचा व्यवसाय धरला असेल आणि ‘कॅमेरा जुना झाला, आता नवा घ्यायला हवा’ असे तो म्हणू लागला, तर मात्र घोडनदीच्या बाजारपेठेत आयुष्य गेलेल्या वडिलांनाही निर्णय कठीण जातो. काटा चुकला तर गिऱ्हाईक बोलून दाखवते. कॅमेरा चुकतो आहे की केवळ मागे पडल्यासारखा वाटतो आहे, हे कशावरून ओळखावे? दीड-दोन लाखांचे भांडवल लग्नसराईच्या तोंडावर गुंतवायचे असेल, तर हा प्रश्न जाहिरातीवर सोडून भागणार नाही.

अनेक स्टुडिओंना एके काळी नाव मिळवून देणारा कॅनन ५डी मार्क २ हा कॅमेरा २००८ साली आला. त्याचे चित्र सुमारे २ कोटी १० लाख बिंदूंचे, म्हणजे २१ मेगापिक्सेलचे असते. त्याच कंपनीने २०२० साली आणलेल्या आर६ या कॅमेऱ्याचे चित्र २० मेगापिक्सेलचे आहे. बारा वर्षांनंतर आलेल्या आणि अधिक चांगल्या समजल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात बिंदू कमीच आहेत! लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान दर इंचाला ३०० बिंदू धरून छापले, तरी १ कोटी ९४ लाख बिंदू पुरतात. तेव्हा ‘मेगापिक्सेल वाढवायचे आहेत’ एवढ्याच कारणासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ते देण्याची घाई नको.

मग या बारा वर्षांत बदलले काय? मुख्य बदल अंधुक उजेडात काम करण्याच्या शक्तीत झाला. जुन्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, नेहमीच्या मर्यादेत ६४०० पर्यंत जाते आणि त्या टोकाला चित्रात रवा उमटतो. आर६ मध्ये ही मर्यादा १,०२,४०० आहे. अगदी टोकाचा आकडा तिथेही कामाचा नसतो, पण ६४०० वर घेतलेले चित्र अल्बममध्ये निःशंकपणे लावता येते. जैन घरांतील कामे घेणाऱ्या छायाचित्रकारासाठी ही केवळ सोयीची बाब नाही. स्थानकवासी परंपरेत वीज ही तेजस्काय मानली जाते. साधु-साध्वींसमोर फ्लॅश उडविणे योग्य समजले जात नाही. काही ठिकाणी छायाचित्रणालाच अनुमती नसते आणि तिथे कोणताही कॅमेरा पिशवीतच राहिला पाहिजे. जिथे संघाची अनुमती आहे, उदाहरणार्थ दीक्षार्थीच्या शोभायात्रेनंतर सभामंडपात, तिथे फ्लॅशविना आणि आवाजाविना काम करणारा कॅमेरा प्रसंगाची शांतता राखतो. नव्या कॅमेऱ्यांतील इलेक्ट्रॉनिक शटर पूर्णपणे निःशब्द असते. मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्याने घेतलेल्या चित्रावर आडवे पट्टे उमटतात, म्हणून मंगल कार्यालयात ते आधी तपासून घ्यावे लागते.

दुसरी बाब जोखमीची आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते. ५डी मार्क २ मध्ये एकच कार्ड बसते. ते कार्ड बिघडले तर सगळा दिवस गेला. केशलोचापूर्वीचा आईवडिलांचा निरोप किंवा लग्नातील पाठवणी पुन्हा घडवून आणता येत नाही. आगाऊ घेतलेली रक्कम परत करता येते, पण गेलेला प्रसंग परत देता येत नाही. आर६ मध्ये दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक चित्र दोन्हींवर एकाच वेळी उतरविता येते. वडिलांनी मुलाला एकच प्रश्न विचारायचा ठरविला, तर तो हाच असावा.

सर्वांना एकच उत्तर लागू पडत नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एखादा तरुण कारखान्यांच्या मालाची छायाचित्रे काढीत असेल, तर तिपाईवर कॅमेरा लावून, पुरेसे दिवे ठेवून होणाऱ्या त्या कामाला जुना कॅमेरा आणखी काही वर्षे सहज पुरेल. त्याने पैसा दिव्यांत घालावा. दौंडहून सोलापूरच्या रेल्वेमार्गावर भिगवणला उतरून उजनीच्या पाणथळात रोहित पक्षी टिपणाऱ्याची गोष्ट वेगळी. जुन्या कॅमेऱ्याला लक्ष्य धरण्यासाठी नऊ मुख्य बिंदू आहेत आणि सेकंदाला चारच्या आसपास चित्रे येतात. नवा कॅमेरा यांत्रिक शटरने सेकंदाला बारा चित्रे घेतो आणि उडत्या पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून काढतो. तिथे फरक पहिल्याच सकाळी दिसेल. तरीही पक्षी टिपणे हा छंद असेल, तर तो खर्च व्यवसायाच्या खात्यात दाखवू नये.

खात्याचा विषय निघालाच आहे. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दोन लाखांच्या कॅमेऱ्यावर ३६,००० रुपये कर होतो. नियमित नोंदणी असलेल्या आणि कॅमेरा व्यवसायासाठीच वापरणाऱ्याला ही रक्कम वजा करून घेता येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती सवलत नाही. वजा घेतलेल्या करावर पुन्हा घसारा मागता येत नाही. प्राप्तिकरात घसारा वर्षाला १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ३०,००० रुपये. पण पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर तो निम्माच मिळतो. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर घेतलेल्या वस्तूचे असेच होते, आणि दसरा बहुधा त्यानंतर येतो. मुहूर्ताची किंमत अशी पंधरा हजारांच्या घसाऱ्याने मोजावी लागते, अर्थात ज्यांना मुहूर्त महत्त्वाचा वाटतो त्यांनी ती आनंदाने मोजावी. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरणाऱ्यांना घसारा वेगळा मागताच येत नाही.

खर्च कमी करणाऱ्या दोन गोष्टी जाहिरातीत ठळक नसतात. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर६ वर चालतात आणि ५डी मार्क २ च्या बॅटऱ्याही त्यात बसतात. त्यामुळे केवळ बॉडी घेऊन काम सुरू करता येते. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा पुण्याहून एखादा नवा कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणावा, ज्या मंगल कार्यालयात नेहमी काम असते तिथल्याच दिव्यांखाली दोन्ही कॅमेऱ्यांनी तीच चित्रे घ्यावीत आणि अल्बमच्या आकारात छापून घरातील सर्वांसमोर ठेवावीत. कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे ते आधी सांगू नये. फरक ओळखता आला नाही, तर यंदाची खरेदी पुढे ढकलण्यास हरकत नाही.

परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरात आणखी एक प्रश्न उरतो. कॅमेरा कुप्यात मोडतो, आणि नवा येऊन जुना कपाटात पडून राहिला तर संख्या वाढते. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह वस्तूत नव्हे, आसक्तीत पाहिला आहे हे खरे, पण त्याचा आधार घेऊन कपाटे भरणे सोपे असते. जुना कॅमेरा प्रत्येक लग्नात दुसरा म्हणून सोबत जात असेल तर तो ठेवावा. जात नसेल तर विकावा. विकताना त्याचे शटर किती वेळा उघडले तो आकडा सेवा केंद्रातून काढून घ्यावा. या कॅमेऱ्याचे शटर दीड लाख वेळा चालेल असे गृहीत धरून बनविलेले आहे, म्हणून आकडा त्याच्या जवळ आला असेल तर खरेदीदाराला तो आधी सांगावा आणि मगच भाव ठरवावा. आलेली रक्कम घसाऱ्याच्या शिल्लक मूल्यातून वजा करून त्याच वर्षीच्या हिशेबात दाखवावी लागते.