यात्रेची गाडी अडते तेव्हा

शेतीची कामे ओसरली, की आमच्या आंजीसारख्या गावांतून यात्रेच्या गाड्या निघू लागतात. कार्तिकानंतर नर्मदा परिक्रमेच्या, वैशाखात चारधामच्या. टपावर वळकट्या, डिकीत तांदूळ-डाळीची पोती, शेगडी, सिलिंडर आणि मोठी पातेली, सोबत आचारी, आणि आत चाळीस-पन्नास प्रवासी, ज्यांतील बहुतेकांनी साठी ओलांडलेली असते. परदेशांत निवृत्त दांपत्ये चाकांवरचे घर घेऊन महिनोन्महिने भटकतात, असे आपण ऐकतो. यात्रेची बस हे आपल्याकडील तसेच एक चालते घर होय. फरक इतकाच, की ते एका दांपत्याचे नसून साऱ्या आळीचे असते. पंधरा दिवस ते महिनाभर हेच अंगण आणि हेच शेजारी.

हे घर कधी ना कधी अडतेच. घाटात दरड कोसळते, इंजीन बिघडते, पावसाने पूल बंद होतो, एखाद्या सहप्रवाशाला रुग्णालयात न्यावे लागते. अशा वेळी निभावते ते कोणाचे आणि बिघडते ते कोणाचे, याचा विचार मी यात्रेहून परतलेल्या रुग्णांना तपासताना नेहमी करतो. अडचण सर्वांवर सारखीच आलेली असते. खालावतात ते बहुधा असे प्रवासी, ज्यांनी आपला त्रास वेळेवर कोणाला सांगितला नाही. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

जास्तीच्या दिवसांची शिदोरी

प्रवास किती लांबू शकतो, याचा अंदाज निघताना कोणालाच नसतो. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या परिसरात १६ आणि १७ तारखेला जो महापूर आला, त्याने रस्ते वाहून गेले आणि हजारो यात्रेकरू दिवसेंदिवस डोंगरात अडकले. लष्कर, हवाई दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दल यांनी लोकांना बाहेर काढेपर्यंत, ज्यांच्या गोळ्या सामानाबरोबर वाहून गेल्या, त्यांचे हाल वेगळेच होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा नांदेडच्या हुजूर साहिब येथे दर्शनाला आलेले पंजाबातील हजारो यात्रेकरू सुमारे महिनाभर तेथेच राहिले. दोन्ही प्रसंग असाधारण खरे. पण दोन-तीन दिवसांचा खोळंबा अगदी साधारण आहे, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी दोन-तीन दिवस चुकणेही उपद्रव करण्यास पुरेसे असते.

म्हणून पंधरा दिवसांच्या यात्रेला निदान पंचवीस दिवसांची औषधे न्यावीत. त्यांचे दोन भाग करावेत. एक भाग आपल्या अंगाजवळच्या पिशवीत, दुसरा सोबत्याच्या पिशवीत. गाडीच्या डिकीत किंवा टपावर औषधे ठेवू नयेत; उन्हाने तेथे फार ताप होतो. औषधांची यादी कागदावर लिहून घ्यावी, आणि त्या यादीत गोळीच्या व्यापारी नावाबरोबर मूळ औषधाचे नाव व मात्रा लिहून देण्यास आपल्या डॉक्टरांना सांगावे. वर्ध्यात मिळणारे नाव ऋषिकेशच्या दुकानात मिळेलच असे नाही. मूळ औषध मात्र देशभर तेच असते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मडक्यातील ओल्या वाळूत किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भांड्यात, पाणी आत शिरणार नाही असे ठेवावे. डोंगरात उलट काळजी घ्यावी लागते: तेथे ते गोठू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही.

संकोच हा मोठा रोग

आता मूळ मुद्दा. गाडीत पन्नास माणसे आहेत. माझ्यामुळे गाडी थांबली, माझ्यामुळे सर्वांचे दर्शन हुकले, असे कोणी म्हणू नये, ही भावना आपल्या पिढीत फार खोल रुजलेली आहे. ती सुंदर आहे. तिच्यामुळेच गावे टिकून आहेत. पण प्रवासात ती शरीरावर कशी उलटते, ते पाहा.

वाटेत शौचालयाची सोय नसते, म्हणून आजी सकाळपासून पाणी पीत नाहीत. आजोबा लघवीची गोळी परस्पर बंद करतात. पहिल्या दिवशी काही होत नाही. तिसऱ्या दिवशी आजींना लघवीची जळजळ आणि ताप, तर आजोबांच्या पायांवर सूज आणि रात्री आडवे झाल्यावर दम. दोघेही म्हणतात, 'प्रवासाचा शीण आहे.' गाडी पुढे जाते आणि रुग्णालय मागे राहते.

यावर उपाय साधे आहेत. पाणी थोडे थोडे, पण दिवसभर प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, की पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिलेले आहे, त्यांनी तेच माप पाळावे. लघवीची गोळी बंद करण्याऐवजी तिची वेळ मुक्कामाच्या सोयीने बदलता येते का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आणि गाडी दर दोन तासांनी दहा मिनिटे थांबेल, हा नियम यात्रेच्या संयोजकांनी पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष जाहीर करावा. नियम असला, की विनंती करावी लागत नाही, आणि विनंती करावी लागली नाही, की संकोच उरत नाही. त्या दहा मिनिटांत चार पावले चालावे. बसल्या जागी घोटे वरखाली हलवीत राहावे. तासन्तास पाय लोंबकळत ठेवल्याने नसांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजली व दुखू लागली, तर ती चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी.

गाडी रस्त्यात अडकली आणि स्वयंपाक रखडला, तर मधुमेही प्रवाशाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसतात. लगेच तीन चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि सुधारल्यावर काही खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन घ्यायचे नाही, हे प्रवासाचे सूत्र ठरवावे.

जुलाब लागले, तर क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. जुलाब-उलट्या सुरू असताना रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे व्यक्तीगणिक बदलते. म्हणून ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

वयस्कर माणूस एकाएकी भांबावला, रात्री उठून 'माझे घर कुठे' असे विचारू लागला, तर 'म्हातारपण आले' म्हणून सोडून देऊ नये. रक्तातील साखर उतरणे, शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग किंवा चुकलेली गोळी यांपैकी काहीतरी बहुधा त्यामागे असते. त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे. प्रत्येकाच्या खिशात नाव, घरचा दूरध्वनी आणि गाडीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावीच.

उंचीवरचा त्रास तर लपवूच नये. आपला वर्धा जिल्हा समुद्रसपाटीपासून काहीशे मीटरवर, तर केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर. तेथे हवा विरळ असते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आली, तर तेथेच थांबावे, वर चढू नये. बसल्या जागी दम लागू लागला, खोकला वाढला, किंवा चाल व बोलणे अडखळू लागले, तर विलंब न करता खाली उतरावे. या आजारावर खाली उतरणे हेच पहिले औषध आहे, मग मंदिर डोळ्यांसमोर दिसत का असेना.

थांबणे म्हणजे मोडणे नव्हे

हे शेवटचे वाक्य पचवणे कठीण आहे, याची मला कल्पना आहे. ज्या दर्शनासाठी आयुष्यभर पै-पैसा जोडला, ते दोन कोसांवरून सोडायचे? नर्मदा परिक्रमेत तर नदी ओलांडायची नाही, असा दंडक आहे. रुग्णालय पैलतीरावर असेल, तर काही परिक्रमावासी 'परिक्रमा मोडेल' म्हणून उपचारच नाकारतात. त्यांना मी नम्रपणे आठवण देतो, की खंड परिक्रमा म्हणजे टप्प्याटप्प्याने परिक्रमा करण्याची रीतही त्याच परंपरेत आहे. परंपरेने माणसाच्या शरीराची मर्यादा फार पूर्वीच ओळखली आहे.

आणि आपल्या जिल्ह्यातच एक मोठे उदाहरण आहे. धाम नदीकाठच्या पवनारहून आचार्य विनोबा भावे सप्टेंबर १९५१ मध्ये पायी दिल्लीकडे निघाले, आणि भूदानाची ती पदयात्रा वर्षानुवर्षे चालत राहिली. डिसेंबर १९५२ मध्ये, तेव्हाच्या बिहारमधील आणि आजच्या झारखंडमधील चांडिल या गावी, त्यांना घातक स्वरूपाचा मलेरिया झाला. त्यांनी प्रथम औषध नाकारले. प्रकृती खालावत गेली. अखेर सहकाऱ्यांच्या आणि देशातील ज्येष्ठांच्या आग्रहाचा मान राखून त्यांनी औषध घेतले. मग काही आठवडे पदयात्रा चांडिललाच थांबली. मार्च १९५३ चे सर्वोदय संमेलनही तेथेच भरले. त्यानंतर ते पुन्हा चालू लागले, आणि पवनारला परतले ते थेट १९६४ मध्ये. चांडिलचा तो मुक्काम त्या यात्रेच्या इतिहासात यात्रेचाच एक भाग म्हणून नोंदला गेला आहे. हट्ट सोडून घेतलेल्या त्या औषधानंतर अकरा वर्षांची वाटचाल झाली, हे आपण ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी ठरवायचे, घरून विचारायचे

संकटात निर्णय घेणे अवघड जाते, म्हणून तो घरीच, शांतपणे घेऊन निघावा. जागा नोंदवण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, कोणते लक्षण दिसले तर पुढे जायचे नाही. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बसल्या जागी दम, पडल्यावर पायावर भार न घेता येणे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागणे, ही त्यांतील काही. दुसरी, अशा वेळी सोबत कोण थांबेल. ज्या दांपत्यातील एक आजारी पडेल, तेथे दुसऱ्याने एकट्याने सारे निभावावे अशी अपेक्षा धरू नये. तिसरी, परतीसाठी वेगळी ठेवलेली रक्कम. ती दानपेटीत वा खरेदीत जाऊ देऊ नये.

कागदपत्रांत आयुष्मान कार्ड विसरू नये. या योजनेतील रुग्णालयांत परराज्यातही उपचार मिळू शकतात, आणि २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता तिचा लाभ खुला झाला आहे. देशभर आपत्काळी ११२ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. हे तिन्ही क्रमांक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

घरी राहिलेल्या मुला-सुनांना एक सांगणे. रोज संध्याकाळी फोन कराल तेव्हा 'बरे आहे ना?' असे विचारू नका. त्याचे उत्तर 'हो, बरे आहे' असेच येणार. त्याऐवजी विचारा: आज पाणी किती बाटल्या प्यायलात? लघवीला कितीदा गेलात? सकाळच्या गोळ्या घेतल्यात का, आणि पाकिटात किती उरल्या? जिना चढताना दम लागला का? या प्रश्नांना संकोचाने उत्तर देता येत नाही. आणि शेवटी एक वाक्य अवश्य म्हणा, 'बाबा, त्रास वाटला तर थांबा, आम्ही न्यायला येतो.' पुष्कळ ज्येष्ठ या एका वाक्याची वाट पाहत असतात. ते ऐकल्याशिवाय थांबण्याची परवानगी आपल्याला आहे, असे त्यांना वाटतच नाही.

यंदा आपल्या घरातून कोणी यात्रेला निघणार असेल, तर निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, साखर तपासून घ्या आणि औषधांची यादी लिहून आणा. वह्यांची, भांड्यांची आणि वळकट्यांची तयारी त्यानंतर करता येईल.