शितावरून भाताची परीक्षा

"तू नक्की काम काय करतेस गं?" असं आत्या दर दिवाळीला विचारते. मंडळी, हा त्याचाच थोडा लांबलेला खुलासा.

आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर मांडते. त्यांना पेप्टाइड म्हणतात, बहुतेक वेळा फक्त नऊ अमिनो आम्लांची. टी-पेशी येता-जाता ती चाचपतात आणि शितावरून भाताची परीक्षा करतात. आत विषाणू किंवा कर्करोग शिरलाय असं वाटलं, तर अख्खी पेशीच मारून टाकतात.

मास स्पेक्ट्रोमीटर ही शितं वजनावरून ओळखतो. खरी अडचण त्याच्या पुढची. यंत्रातून निघालेली मूळ फाइल कुठे ठेवायची? केंब्रिजजवळच्या प्राइडसारख्या खुल्या कोठारात, की प्रयोगशाळेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर? माझं मत साफ आहे: शोधनिबंध छापायचा असेल तर मूळ फाइल खुली हवी, आणि नमुना कुठल्या एचएलए प्रकाराचा हेही सोबत लिहिलेलं हवं. "विनंती केल्यास डेटा मिळेल" या वाक्यावर माझा काडीचा विश्वास नाही. अशा विनंत्या मी केल्या आहेत. असो.

हा हट्ट का, ते सांगते. २०१६ साली 'सायन्स'मध्ये एक दावा आला की यातली जवळजवळ एक तृतीयांश पेप्टाइडं प्रथिनाचे दोन वेगळे तुकडे जोडून बनतात. भलतीच खळबळ उडाली! मग इतर गटांनी स्पेक्ट्रा पुन्हा तपासले आणि २०१८ मध्ये एका गटाने सांगितलं, फार तर दोन ते सहा टक्के. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण तो घालता आला तो डेटा समोर होता म्हणूनच.

त्याहून गंभीर गोष्ट २०१३ मध्ये छापून आली. कर्करोगातल्या मेज-ए३ प्रथिनाचं एक पेप्टाइड ओळखतील अशा टी-पेशी मुद्दाम घडवून रुग्णांना दिल्या. पहिले दोन्ही रुग्ण हृदय निकामी होऊन गेले. त्या पेशी हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन प्रथिनाच्या पेप्टाइडलाही धरत होत्या. दोन्ही पेप्टाइडांतल्या नऊपैकी पाच जागा सारख्या, बस्स.

म्हणून निरोगी अवयव काय मांडतात याची नोंद मला कर्करोगाच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या लोकांनी शवविच्छेदनातल्या ऊतींवरून असा 'एचएलए लिगँड अ‍ॅटलास' २०२१ मध्ये छापला. खुला आहे, कुणीही पाहावा.

एक गोष्ट मात्र खुपते. एचएलएचे ४० हजारांहून अधिक प्रकार नोंदलेत, पण अभ्यास मूठभरांचाच, तोही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणाऱ्यांचा. त्यांच्यातला लाडका ए-०२:०१. आपल्याकडे त्याच्याच भावकीतला ए-०२:११ बऱ्याच लोकांत सापडतो, आणि त्याच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडा डेटा आलाय. उद्या कुणी पुण्या-मुंबईच्या रुग्णासाठी लस बेतायला बसला, तर अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर शिकलेलं असेल ते या दुसऱ्यांच्या घरच्या शितांवर. आपल्या रुग्णालयांतून शस्त्रक्रियेत काढलेल्या कितीतरी गाठी रोज पॅथॉलॉजीकडे जातात. रीतसर संमती घेऊन त्यातला थोडा भाग गोठवून ठेवायला सुरुवात केली तरी चालेल, यंत्राचं नंतर बघू.

आत्या, कळलं का काही? नसेल तर फोन कर, रात्री नऊनंतर.