हायब्रिड मोटारीतील गारवा आणि ज्येष्ठांचा प्रवास
वैशाखात झरी-तलासरीहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने ज्येष्ठांना रुग्णालयात नेताना मोटारीतील गारवा ही चैन नव्हे, गरज असते. वयानुसार तहानेची जाणीव व घाम येणे मंदावते. प्रथम काचा उघडून कोंडलेली उष्ण हवा बाहेर जाऊ द्यावी. मग काचा लावून तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवावे. झोत थेट अंगावर नसावा. पूर्ण हायब्रिड मोटारींत बहुधा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. मागील आसनाजवळ बॅटरीची हवेची जाळी असल्यास तिच्यावर शाल वा पिशवी ठेवू नये. मात्र गारव्याच्या भरवशावर वृद्धांना मोटारीत एकटे सोडू नये. यंत्रणा बंद पडल्यास झपाट्याने वाढणारी उष्णता जीवघेणी ठरू शकते.